भिंतीवरची दुसरी प्रत

मांतुआला आलेल्या पाहुण्याला जुलिओ रोमानोने तिथला चित्रसंग्रह हिंडून दाखवला आणि शेवटी आपल्या मते सर्वांत मोलाच्या चित्रापुढे आणून उभं केलं. मधोमध पोप लिओ दहावा, बाजूला दोन कार्डिनल. चित्र गुरू राफाएलचं, आणि त्यात आपणही कुंचला चालवला होता, हे जुलिओ अभिमानाने सांगत होता. पाहुणा होता जॉर्जो वासारी. तो म्हणाला, हे राफाएलचं नव्हे, आंद्रेआ देल सार्तोचं. फ्लॉरेन्सला ही नक्कल तयार होताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. पुरावा म्हणून त्याने चित्रावरची खूणही दाखवली. जुलिओने खांदे उडवले. मग तर हे राफाएलच्या हातचं असतं त्याहून मला जास्त मोलाचं, असं त्याचं उत्तर.

झालं होतं असं. मांतुआचा सत्ताधीश फेदेरिको गोंझागा याला ते चित्र हवं होतं आणि पोप क्लेमेंट सातव्याने ते देऊनही टाकलं होतं. फ्लॉरेन्सच्या ओत्ताव्हियानो दे मेदिचीचा जीव मात्र ते सोडवेना. त्याने गुपचूप नक्कल करून घेतली आणि तीच मांतुआला धाडली. वासारी गोष्ट रंगवून सांगणारा लेखक. तेवढी सूट त्याला द्यावीच लागते. पण दोन्ही चित्रं आजही आहेत: राफाएलचं फ्लॉरेन्सच्या उफ्फिझीत, सार्तोचं नेपल्सच्या कापोदिमोन्तेत.

दिवाणखान्यात हाताने रंगवलेली ‘मोनालिसा’ लावणारा आजचा यजमान पाहुण्याने विचारायच्या आत ‘ओरिजिनल नाही हो’ म्हणून मोकळा होतो. रेनेसाँच्या घरांना हा संकोच ठाऊक नव्हता. राजाचा चेहरा सोयरिकीत, तहात, नातेवाइकांत फिरवायचा तर प्रती लागतच. ब्राँझिनोने फ्लॉरेन्सचा सत्ताधीश कोझिमो दे मेदिची चिलखतात रंगवला, तेव्हा त्या चित्राच्या कितीतरी आवृत्त्या ब्राँझिनोच्या चित्रशाळेतून बाहेर पडल्या.

‘मोनालिसा’चीही एक प्रत जवळजवळ मुळाच्या बरोबरीने रंगत होती. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातली ही प्रत मागचा काळा रंग काढून 2012 साली लोकांसमोर आली, तेव्हा त्याखाली डोंगर-पाण्याचा देखावा निघाला. खालच्या रेखाटनातल्या दुरुस्त्याही लिओनार्दोच्या दुरुस्त्यांशी जुळल्या. म्हणजे नकलाकार शेजारीच बसला असावा. मूळ चित्र पॉप्लरच्या फळीवर, हे अक्रोडाच्या.

ज्याला घरासाठी प्रत करवून घ्यायची आहे त्याने मोनालिसापासून सुरुवात करू नये, असंच म्हणावं लागेल. ओठांच्या कोपऱ्याशी रेघच नाही, सावली आहे. फ्रेंच संशोधकांनी 2010 साली क्ष-किरणांनी लिओनार्दोचे चेहरे तपासले, तेव्हा अनेक पातळ थर मिळूनही जाडी तीस-चाळीस मायक्रोमीटरच भरली. तैलरंगाचा असा एक पातळ थर वाळल्याशिवाय त्यावर दुसरा चढवता येत नाही. आठवड्याभरात हातात पडणाऱ्या प्रतीत त्या सावलीऐवजी तपकिरी डाग दिसतो, तो म्हणूनच. ब्राँझिनोचे चेहरे मीनाकामासारखे गुळगुळीत, कडा स्वच्छ. तिथे सावध हाताला निदान धरायला काही सापडतं.

प्रतींचा हा धंदा अलीकडच्या काळात चीनच्या शेनझेनमधल्या दाफेन गावाने सर्वांत मोठ्या प्रमाणावर केला. हाँगकाँगचे व्यावसायिक हुआंग जियांग 1989 साली थोडे चित्रकार घेऊन तिथे आले, पुढे हजारो जमले. पॅरिसच्या लुव्रमध्ये उलट संथ कारभार: परवाना घ्यायचा, ईझल लावायचं, आणि प्रत मुळाच्या मापाची करायची नाही. ती लहान किंवा मोठीच हवी, म्हणजे उद्या कुणी ती मूळ म्हणून खपवू नये. तेव्हाच्या फ्लॉरेन्सात हा नियम असता तर ओत्ताव्हियानोची पंचाईत झाली असती.

पण घर सजवण्यासाठी प्रतींचा सर्वांत भव्य खटाटोप केला तो कोझिमोनेच. कोमो सरोवराच्या काठी पाओलो जोव्हियो या बिशप-इतिहासकाराने आपल्या बंगल्यात कवी, सेनापती, पोप, तुर्की सुलतान अशा शेकडो नामवंतांचे चेहरे जमवले होते. त्यांतले कित्येक स्वतःच नकला होत्या. 1552 साली कोझिमोने क्रिस्तोफानो देल्ल अल्तिस्सिमोला तिकडे पाठवलं. 1568 पर्यंत त्याच्या हातून अडीचशेहून अधिक प्रती उतरल्या होत्या. एकच काम, वर्षानुवर्षं. जोव्हियोचा बंगला पुढे पडला, संग्रह विखुरला. क्रिस्तोफानोच्या प्रती मात्र उफ्फिझीच्या लांब दालनांत छताखाली ओळीने टांगलेल्या आहेत. बोत्तिचेल्लीकडे निघालेली गर्दी मान वर न करता त्यांच्याखालून जाते.

थॉमस जेफरसनला तसं करवलं नाही. अमेरिका शोधणाऱ्यांचे चेहरे आपल्या देशात असावेत म्हणून त्याने उफ्फिझीतल्या या प्रतींच्याही प्रती मागवल्या. जुझेप्पे कालेंदीने त्या रंगवल्या, 1789 साली त्या जेफरसनच्या हाती आल्या आणि व्हर्जिनियातल्या त्याच्या माँटिसेलो या घराच्या दिवाणखान्यात कोलंबस, वेस्पुची, मॅगेलन आणि कोर्तेस भिंतीवर चढले. त्यातला कोलंबस आज मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे. कोमोहून फ्लॉरेन्स आणि तिथून अमेरिका एवढा फेरा केलेला तो चेहरा अशा माणसाचा आहे, ज्याचं जिवंतपणी समोर बसवून काढलेलं एकही चित्र शिल्लक नाही.