वायपर का अडतो?

आपल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतला पाऊस मोठा विषम आहे. पश्चिमेला माळशेज, भीमाशंकरकडे तो कोसळतो. पूर्वेला आणे पठार, लोणी-धामणीकडे ढग नुसते तोंड दाखवून जातात. बेल्ह्याकडची एखादी पिकअप सात-आठ महिने धूळ खात फिरते आणि जुलैत भाजीपाला भरून माळशेज घाटात शिरते. धुक्यात चालक वायपरचे बटण दाबतो आणि पाते काचेच्या मध्यावर येऊन थांबते. त्याच क्षणी वळणावरून ट्रक आला तर काय, हे सांगायला नको. कला शाखेच्या अंकात ग्रीसचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल; पण त्या पिकअपमध्ये आपल्यातल्याच कोणाचे तरी वडील बसलेले असतात.

पाते अडले की 'मोटार जळाली' असा निकाल लागतो आणि नवी मोटार येते. माझ्या मते यातल्या पुष्कळ मोटारी निर्दोष असतात.

अमेरिकेतील मेरी अँडरसन या बाईंनी १९०३ साली वायपरचे पेटंट घेतले, तेव्हा आतून दांडा हाताने ओढावा लागे. आता ते काम विजेची मोटार करते. मोटार वेगाने फिरते, पण तिच्यात जोर कमी. म्हणून तिच्या मळसूत्री दांड्यावर दातेरी चाक बसवतात. वेग घटतो, जोर वाढतो. या चाकाचे गोल फिरणे जोडदांड्या मागे-पुढे हलण्यात बदलतात. शिवणयंत्राच्या पायट्याची क्रिया उलटी केली की हेच होते. दांड्यांची टोके उखळीच्या सांध्यांनी जोडलेली असतात. शाळेत खांद्यासाठी शिकलेला शब्द इथे चपखल बसतो.

खरे दुखणे असते ते पात्याच्या मुळाशी असलेल्या आसात. त्याचे टोक बाहेर उघडे असते. तिथून पाणी व धूळ उतरते, आतले ग्रीस उन्हाळ्यात वाळून घट्ट होते, गंज चढतो आणि आस बुशात धरला जातो. मग मोटारीचा सगळा जोर त्याच्याशी झुंजण्यात जातो; ती तापते, फ्यूज उडतो, कधी खरोखरच जळते.

आवाजच नसेल तर आधी फ्यूज पाहावा. मोटार गुणगुणते पण पाते हलत नाही, तर सांधा निसटला असेल किंवा पात्याच्या मुळाचा नट ढिला झाला असेल. पाती रेंगाळत असतील तर संशय आसावर घ्यावा. खात्रीसाठी बॅटरीची तार काढून जोडदांडी मोटारीपासून सोडवावी आणि आस हाताने फिरवावा. सहज फिरला तर दोष मोटारीकडे, नाही तर आसाकडे.

पाते काढण्यापूर्वी त्याची जागा काचेवर खडूने आखावी. आसावरची कडी काढून तो बाहेर घ्यावा, डिझेलने धुवावा, गंज बारीक पॉलिश पेपरने घासावा, बुश पुसून नवे ग्रीस भरावे. सांध्यांनाही थोडे लावावे. वरची रबरी कडी फाटली असेल तर बदलावी. नुसते वरून तेल सोडणे ही चालढकल आहे. चार सरींत ते धुऊन जाते. हे काम मे महिन्यातच उरकावे.

जोडताना एक गंमत लक्षात घ्यावी. बटण बंद केले तरी पाते खाली येईपर्यंत मोटारीतला छोटा स्विच वीज चालू ठेवतो. म्हणून मोटार एकदा चालवून बंद करावी, ती आपल्या जागी थांबली की मगच पाती खुणेवर बसवावीत.

पात्याच्या रबराला मात्र तेल, डिझेल लावू नये. रबर फुगते आणि काचेवर तवंग येऊन समोरच्या दिव्यांत डोळे दिपतात. ते ओल्या फडक्याने पुसावे. चाचणीही कोरड्या काचेवर नको, धुळीने चरे पडतात. तांब्याभर पाणी ओतून मग बटण दाबावे.