शेवटचं पाणी

पुण्याच्या उपनगरांत, वाघोलीसारख्या भागात, उन्हाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमधल्या नळाला बहुतेकदा बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी येतं. त्या पाण्यानं गाडी कितीही मन लावून धुतली तरी वाळल्यावर बॉनेटवर आणि काचांवर पांढरे ठिपके उमटतातच. लोक शाम्पूला नावं ठेवतात, गाडी पुसणाऱ्याला बोल लावतात. दोघांचाही त्यात दोष नसतो.

दख्खनच्या काळ्या खडकात मुरलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आणि विरघळलेली सिलिका घेऊन वर येतं. आमच्या बोअरच्या पाण्यात टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, बुडवला की आकडा लिटरमागे सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास जातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० ही योग्य मर्यादा आहे आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे, म्हणजे हे पाणी काही जगावेगळं नाही. पण असं एक लिटर पाणी आटलं तर मागे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास क्षार उरतात. गाडीवरच्या प्रत्येक थेंबाचं तेच होतं. पाणी उडून जातं, क्षार जागीच बसतात. त्यातला चुना व्हिनेगरनं निघतो. सिलिका त्याला दाद देत नाही, ती काढायला पॉलिशच करावं लागतं.

डाग पडतो तो गाडीवर वाळणाऱ्या पाण्याचा. त्यामुळे सगळी धुलाई शुद्ध पाण्यानं करायची गरजच नाही. धूळ, चिखल, फेस सगळं नळाच्या पाण्यानं काढावं आणि गाडीचं अंग ओलं असतानाच शेवटचा हात शुद्ध पाण्याचा द्यावा. लहान गाडीला बादलीभर पाणी पुरतं. झाडांवर फवारणी करायचा पाच लिटरचा हातपंप यासाठी मला सगळ्यात सोयीचा वाटतो.

हे पाणी आणायचं कुठून? सोसायटीचा सॉफ्टनर इथे कामाचा नाही. तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम देतो, मीटरवरचा आकडा जवळपास तोच राहतो. डाग पडतात, फक्त पुसायला सोपे जातात. घरातला आरओ चांगला, पण अनेक यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात. त्यामुळे ग्लासातलं पाणी ऐंशी-शंभर दाखवतं. ते मिसळण्याच्या आधीचं, थेट पडद्यातून आलेलं पाणी घेतलं की आकडा खूप खाली येतो. आरओ जे पाणी टाकून देतो ते टबात साठवून चाकांच्या आणि पहिल्या धुण्याला वापरावं. टँकरवर जगणाऱ्या वस्तीत ते गटारात सोडणं मला पटत नाही.

आकडा शून्यावर न्यायचा तर आरओच्या पुढे रेझिनचा डबा लागतो. त्यातले एक प्रकारचे मणी धन आयन धरून हायड्रोजन सोडतात, दुसरे ऋण आयन धरून हायड्रॉक्साइड, आणि दोन्ही मिळून पाणीच तयार होतं. नळाचं पाणी सरळ डब्यात सोडलं तर रेझिन लवकर संपतं. आधी आरओनं बहुतेक क्षार काढले की तेच रेझिन कितीतरी जास्त टिकतं. रेझिन थकू लागलं की सिलिका आधी निसटते, आणि मीटर विजेच्या वहनावर चालत असल्यामुळे त्याला ती जवळपास दिसतच नाही. म्हणून आकडा शून्यावरून हलला की वाट न बघता रेझिन बदलावं.

आणखी एक फुकटचा झरा आहे: एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी. हवेतली वाफ थंड होऊन झालेलं हे पाणी माझ्या मीटरवर वीसच्या आत राहतं. कॉइलवरची धूळ त्यात येते, म्हणून सुती कापडातून गाळून घ्यायचं. दमट हवेत बादली लवकर भरते.

गाडी सावलीत हवी आणि पत्रा थंड हवा. टपापासून सुरुवात करून काचा, बॉनेट, दारं असं सावकाश खाली यायचं, म्हणजे नवं पाणी जुन्याला ढकलत उतरतं. मग फडकं लावायचंच नाही. माझ्या मते खरा फायदा हाच. उरलेल्या धुळीवरून फिरणारं फडकंच रंगावर बारीक गोल ओरखडे पाडतं, उन्हात दिसतात ते हेच. न पुसता वाळलेल्या गाडीवर नवे पडत नाहीत.

त्रास देतात त्या खाचा. आरशांच्या मागे, दारांच्या मुठींत, नंबरप्लेटखाली नळाचं पाणी लपून बसतं आणि गाडी वाळल्यावर ओघळतं. तिथे फवारा जरा जास्त वेळ धरावा, दारं एकदा उघडून मिटावीत आणि मग शेवटचा हात पुन्हा फिरवावा.