संरक्षक सोयी आणि त्यांचे वर्णन

एखादा प्रोग्राम यापुढे कोणती कामे करील, याचे वचन त्याच्याकडून घेणारा ‘प्लेज’ हा सिस्टिम कॉल ओपनबीएसडी या कार्यप्रणालीच्या ५.९ या आवृत्तीत (२०१६) आला. वचनभंग होताच कर्नल सामान्यतः त्या प्रोग्रामचा शेवट करतो. या कॉलच्या दुसऱ्या स्थानी आरंभी अनुज्ञात फाइलमार्गांची यादी असे, ६.३ पासून (२०१८) तेथे, त्या प्रोग्रामने पुढे चालविलेल्या नव्या प्रोग्रामला लागू होणारी वचने आली. मार्गांचे नियंत्रण ६.४ मध्ये ‘अनव्हेल’कडे गेले. नाव तेच, स्थान तेच. अर्थ मात्र पालटला. अशा वेळी जुन्या माहितीपानाचा वाचक नसलेल्या संरक्षणावर विसंबतो. म्हणून संहितेबरोबरच माहितीपानही बदलणे, आणि त्यातील चूक संहितेतील दोषाइतकीच गंभीर मानणे, अगत्याचे ठरते.