कॅबिनेटसोबत मिळणारा एसएमपीएस चालेल का?

मुलांसाठी कॉम्प्युटर जोडून घेताना आपण प्रोसेसर विचारतो, रॅम विचारतो. एसएमपीएस मात्र कॅबिनेटसोबत येईल तो चालवून घेतो. तो खराब निघाला, तर जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही घेऊन जाऊ शकतो.

बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलेल्या '४५० वॅट'वर जाऊ नका. एसएमपीएसच्या अंगावरचं स्टिकर वाचा. तिथे १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत? प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डला मुख्यतः तिथूनच वीज मिळते. १८ अँपिअर असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे जेमतेम २१६ वॅट. खऱ्या ४५० वॅटवाल्यावर हा आकडा ३५च्या आसपास दिसतो. दुकानदार काहीही म्हणो, हा गुणाकार तिथेच मोबाइलवर करा.

'८० प्लस' ही खूण वीज किती वाया जाते एवढंच सांगते; सुरक्षिततेची ती हमी नव्हे. त्यापेक्षा ओव्हर-व्होल्टेज आणि शॉर्टसर्किट प्रोटेक्शन आहे का, वॉरंटी किती वर्षांची, हे विचारा.

ग्राफिक्स कार्ड नसेल तर चांगला ४५० वॅटचा भरपूर झाला. आरटीएक्स ४०६० बसवणार असाल, तर एनव्हिडिया कंपनीच ५५० वॅट सुचवते.

आणि जळालेला एसएमपीएस घरी खोलू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोराचा झटका बसण्याइतकी वीज साठलेली असू शकते.