नोव्हेंबरातली प्रार्थना आणि पळसगावचा शिपाई

नोव्हेंबर उजाडला की पेण-रोह्याच्या शिवारात भाताची कापणी उरकत येते आणि खळ्यावर झोडणीचा आवाज घुमू लागतो. याच दिवसांत आपले ख्रिस्ती शेजारी प्रार्थनेला जमतात. मिळालेल्या अन्नाबद्दल आभार, गेलेल्यांची आठवण आणि शांततेचं मागणं, या तिन्ही गोष्टी त्यांच्या प्रार्थनेत येतात.

हे शेजारी फार दूरचे नव्हेत. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जिथं समुद्राला मिळते, तिथं कोर्लई गाव आहे. १७४० साली पोर्तुगीज इथून गेले, पण गावची ख्रिस्ती वस्ती राहिली. शेती आणि मासेमारी करणारी ही माणसं बाहेर मराठी आणि घरात पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून झालेली आपली वेगळी बोली बोलतात.

आभाराचा भाग आपल्याला समजावून सांगायला नको. नवान्न पौर्णिमेला आपण नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतो. मुंबई-ठाण्याकडचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' करतात. नव्या भाताची पेंढी वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन तिच्यावर आशीर्वाद मागतात.

दोन नोव्हेंबर हा कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. दफनभूमी झाडून काढतात, कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. आपला पितृपक्षच म्हणा ना!

या प्रार्थनेत सैनिक कुठून आले? पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी अकराला थांबलं. पुढच्या वर्षापासून त्या वेळी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची रीत इंग्लंडात आणि इतर देशांत पडली. त्या तारखेजवळच्या रविवारी तिथल्या चर्चमध्ये पडलेल्या सैनिकांची आठवण करतात. गावोगाव त्यांची नावं मोठ्यानं वाचतात.

नाव वाचण्याला काय एवढं महत्त्व, असं कुणी विचारील. त्यासाठी माणगाव तालुक्यातलं पळसगाव आठवावं. तिथले नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले. हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली. बंदुकीत गोळ्या भरायला सवड नव्हती, तेव्हा ती नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय अवघं बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्यांची समाधी कुठंच नाही. इटलीत कॅसिनोच्या दफनभूमीतल्या स्मारकावर नाव कोरलंय, तेवढंच.

ती लढाई झाली त्या भागातल्या मोंटोने गावानं २०२३ साली त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं वाक्य त्यावर लॅटिनमध्ये लिहिलं आहे. परमुलुखातल्या माणसांनी आपल्या माणगावच्या पोराची आठवण ठेवावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

घाडग्यांचं निदान नाव तरी राहिलं. महाराष्ट्रात काही गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर जुनी संगमरवरी पाटी दिसते. १९१४ ते १९१९च्या महायुद्धाला या गावातून इतके गेले, त्यातले इतके पडले, एवढंच त्यावर असतं. नाव एकाचंही नाही. शस्त्रानं मेलेल्यांसाठी आपल्याकडे भाद्रपदात घात चतुर्दशी असते. त्या दिवशी पान कुणाच्या नावानं ठेवायचं, हे पाटी सांगत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून कुणी आठवत असेल, तर वहीत लिहून ठेवा, गावाचं नाव आणि पलटणीसकट.

राहिलं शांततेचं मागणं. कॅथलिकांच्या उपासनेत एका क्षणी प्रत्येकानं शेजारच्याला शांती असो म्हणायचं असतं. परदेशात त्यासाठी हात मिळवतात, आपल्याकडे हात जोडतात. बांधावरून ज्याच्याशी वर्षभर बोलणं बंद आहे, तोच कधी शेजारी बसलेला असतो. हात त्यालाही जोडावे लागतात.