बाळाचा फोटो काढताना

बाळंतीण माहेरी आणि बाळाचे बाबा कामाच्या गावी, असं आपल्याकडे किती घरांत असतं. मग बापलेकरांची पहिली भेट मोबाइलवरच होते. तो फोटो छान यावा आणि बाळाला त्रासही होऊ नये, यासाठी आम्ही गटातल्या बाया काय करतो, ते सांगतो.

बाळ दूध पिऊन शांत झालं, की सकाळी त्याला खिडकीजवळ निजवायचं. अंगावर थेट ऊन किंवा वारा नको. खोलीतला दिवा बंद करायचा, म्हणजे खरा रंग दिसतो. फ्लॅश नको, बाळ दचकतं. कॅमेऱ्याची काच सुती पदरानं पुसायची, झूम न करता जवळ जायचं आणि स्क्रीनवर बाळाच्या चेहऱ्यावर बोट टेकवायचं. मोबाइल बाजूनं धरायचा, तोंडावर नाही. हातातून सुटला तर?

फोटोसाठी टोपडं काढू नका. तान्ह्याचं अंग लवकर गार पडतं. मान सावरलेली नसते, तेव्हा टेकवून बसवू नका. डोळ्यांत काजळ घालू नका.

आणि एक. त्या स्वच्छ उजेडात बाळाचे डोळे किंवा अंग पिवळं दिसलं, तर फोटो राहू द्या. ती कावीळ असू शकते. आशाताईंना लगेच बोलवा, नाहीतर बाळाला थेट दवाखान्यात न्या.

सगळं ठीक असेल तर एक फोटो आईसोबतचाही काढा. तो घरच्यांनाच पाठवा, गावभरच्या ग्रुपवर नको.