निर्देशांकाचे अध्यापन : महागाई भत्त्याच्या उदाहरणातून

वाणिज्य शाखेच्या पदवी अभ्यासक्रमात व्यावसायिक संख्याशास्त्राअंतर्गत ‘निर्देशांक’ हा घटक शिकविला जातो. ‘अ’, ‘ब’, ‘क’ या वस्तूंच्या काल्पनिक किमती व नगसंख्या देऊन लास्पेयर, पाशे आणि फिशर यांची सूत्रे सोडवून घेणे, हे त्याच्या अध्यापनाचे रूढ स्वरूप होय. विद्यार्थ्यांना गुण मिळतात. परंतु पायाभूत वर्ष आणि भार या संकल्पना मनात रुजत नाहीत, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. यावर उपाय म्हणून प्राध्यापकांच्या जिव्हाळ्याचा महागाई भत्ताच उदाहरणादाखल घेता येतो.

केंद्र सरकारच्या श्रम ब्युरोने औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचे पायाभूत वर्ष सप्टेंबर २०२० पासून २००१ ऐवजी २०१६ केले. दोन मालिका सांधण्यासाठी २.८८ हा जोडगुणक ठरविण्यात आला. सातव्या वेतन आयोगानुसारच्या भत्त्याच्या सूत्रातील २६१.४२ ही आधारसंख्या मात्र २००१ च्या मालिकेतीलच राहिली. नव्या मालिकेतील बारा महिन्यांची सरासरी १२५ मानू. तिला २.८८ ने गुणल्यास ३६० येतात, त्यांतून २६१.४२ वजा करून बाकीला त्याच संख्येने भागल्यास ३७.७१ टक्के, म्हणजे अपूर्णांक सोडून ३७ टक्के भत्ता मिळतो. एका विद्यार्थ्याने गुणाकार न करता थेट १२५ मधूनच वजाबाकी केली आणि भत्ता उणे ५२ टक्के काढला! वर्ग हसला. भिन्न पायांवरील निर्देशांकांची तुलना का करता येत नाही, हे त्या दिवशी निराळे सांगावे लागले नाही.

भाराचा प्रश्न अधिक गहन आहे. पायाबदलात अन्नगटाचा भार ४६.२ वरून ३९.१७ टक्क्यांवर आला. याचा अर्थ विचारल्यास ‘अन्न स्वस्त झाले’ असे उत्तर हमखास येते. वास्तविक भार किंमत दर्शवीत नाही. एकूण खर्चातील वाटा दर्शवितो. उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा घटतो, हा एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये मांडलेला नियम विद्यार्थी अर्थशास्त्राच्या तासाला शिकलेले असतात. संख्याशास्त्राच्या तासाला तो आठवत नाही, कारण शिक्षक वेगळे, वहीही वेगळी. शिवाय ऑगस्ट २०२० पर्यंतचा निर्देशांक जुन्याच भारांवर काढला जात होता. लास्पेयर पद्धतीची मर्यादा दाखविण्यास याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही.

विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत अर्थनिर्णयनाला क्वचितच गुण असतात. त्यामुळे अंतर्गत मूल्यमापनात प्रस्तुत लेखक प्रसिद्ध निर्देशांकाचा एक तक्ता देऊन ‘या आकड्यांचा अर्थ लिहा’ एवढेच विचारतो. उत्तरपत्रिका तपासण्यास दुप्पट वेळ लागतो.